बारीक माणसाची शुगर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी मूलमध्ये लॅब चालवतो, म्हणून मला उभं केलंय. "मी तर काडीपैलवान, मला कुठली शुगर?" हे वाक्य काउंटरवर नेहमी ऐकतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला हे कुठून दिसणार?

बरं, शुगर निघाली तरी ती सगळ्यांची एका जातीची नसते. २०१८ साली स्वीडन-फिनलंडच्या संशोधकांनी वय, वजन, शुगर, अँटीबॉडी, शरीर इन्सुलिन किती बनवतं आणि ते किती लागू पडतं, हे एकत्र मांडून मधुमेहाचे पाच गट पाडले. पुण्यात याज्ञिकांच्या गटाने तरुण रुग्ण तपासले, तर इन्सुलिन कमी पडणारेच जास्त निघाले. अशांच्या नुसत्या गोळ्या वाढत जातात, वजन उतरत जातं आणि घरचे म्हणतात, पथ्य छान चाललंय! तेव्हा डॉक्टरांना 'सी-पेप्टाइड'बद्दल विचारा. स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतं, ते त्यातून कळतं. फारच कमी असेल तर इन्सुलिन घ्यावं लागतं, त्याला घाबरू नये.

आता आपल्या भागाची गोष्ट. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसांतच मोडते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे शुगर वाढलेली असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. नुसत्या वाहकाचाही आकडा काही मशीनवर हुकतो. सिकलसेलच्या रुग्णाने उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर करावी. डॉक्टर म्हणतील तर फ्रुक्टोसामिनही.

लग्नाची बोलणी अडतील म्हणून लोक सिकलसेल लपवतात, मला माहीत आहे. पण लॅबवाल्यापासून आणि डॉक्टरांपासून तरी लपवू नका. आमच्याकडून ते बाहेर जात नाही.

जेवणं होईपर्यंत मी गेटजवळच्या टेबलावर आहे. जुने रिपोर्ट घेऊन या. रक्त आज घेणार नाही, कारण बुंदीचे लाडू सगळ्यांनीच खाल्लेत.