सतत गैरहजर
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात, गुणगौरव समारंभानंतर केलेले भाषण)



आज येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, त्याचा मलाही आनंद आहे. परंतु ३६ वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाची दृष्टी सवयीने रिकाम्या बाकाकडे वळते. ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले त्या मुलांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

माझ्या दहावीच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. दिवाळीच्या सुटीनंतर तो अबोल झाला. त्याची झोप उडाली, वह्या कोऱ्या राहू लागल्या. मी त्यास आळशी ठरवून वर्गासमोर उभे केले. पुढे तो येईनासा झाला, तेव्हा मी पटावरून त्याचे नाव कमी करून शेरा लिहिला, ‘सतत गैरहजर’. घरी जाऊन विचारपूस मात्र केली नाही. तो मनाने आजारी होता, हे मला फार उशिरा कळले. वडिलांना ते ठाऊक होते; पण मुलीचे लग्न व्हावयाचे होते, म्हणून त्यांनी ते झाकून ठेवले. त्याची दहावी राहिली ती राहिलीच. तो शेरा मला अद्याप बोचतो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींपैकी शेकडा सातांहून अधिकांस काही ना काही मानसिक विकार आढळला. म्हणजे चाळिसांच्या वर्गात सुमारे तिघे! मन खिन्न झाले की चित्त एकाग्र होत नाही, वाचलेले ध्यानात राहत नाही. अभ्यास मागे पडतो, त्याची लाज वाटून मूल शाळा टाळते, आणि शाळा टाळल्याने अभ्यास आणखीच मागे पडतो. हा आळस नव्हे, आजार आहे. विषमज्वराने फणफणलेल्या मुलास आपण पाढे म्हणावयास लावतो काय?

यावर उपाय आहेत. २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. शाळा सुटली तरी १७ नंबरचा फॉर्म भरून मंडळाच्या परीक्षेस बाहेरून बसता येते. अडते ते आपल्या संकोचापाशी.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. सोयरीक जुळविताना भावंडाच्या अशा आजाराचा दोष वधूवरांच्या माथी कोणी मारू नये. दुसरी विनंती कार्यकारी मंडळास. आपली सर्व पारितोषिके गुणांसाठी आहेत. आजारातून उठून पुन्हा परीक्षेस बसणाऱ्या मुलासाठीही एक शिष्यवृत्ती असावी, आणि ती व्यासपीठावर नाव न पुकारता घरी पोचती व्हावी. तिच्या निधीसाठी माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम मी आजच खजिनदारांकडे देत आहे.