पोटदुखीमागचं दुखणं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



दहावी झाली की हदगावची आपली मुलं ‘नीट’च्या तयारीला लातूर-नांदेडला जातात. सणावाराला घरी आली की डोकं दुखतं, पोट दुखतं, झोप लागत नाही, म्हणून माझ्याकडे येतात. तपासणीत काही निघालं नाही, तरी ‘नाटकं करतोय’ असं म्हणू नका. मनातलं दुखणं लेकरं पुष्कळदा पोटावर हात ठेवूनच सांगतात.

अशा वेळी मी आईवडिलांना बाहेर बसवतो आणि सरळ विचारतो, “बाळा, जगणं नको वाटतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. ‘हो’ म्हणालं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठायचं. रात्री-अपरात्री सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

आपल्या सोसायटीत २५ वर्षांत कितीतरी मुलं डोळ्यांदेखत मोठी झाली. शेजारचं पोर गप्प-गप्प दिसलं, तर मार्क विचारू नका. जेवलास का, झोपलास का, ते विचारा. आणि गरज वाटली, तर दवाखान्यात घेऊन या.