कार्डाची मागची बाजू



नाडप्रभू केम्पेगौडांच्या, बंगळुरूतल्या या येलहंक्यात आपण जमलो आहोत. बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हापासून मराठी इथल्या कानांना परकी नाही.

युद्धकाळातल्या पोस्टकार्डांवर बोलायला ही जागा योग्यच आहे. जवळच्या जालहळ्ळीला दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैदी होते, आणि त्याच काळात आपली मराठा पलटण इटलीत लढत होती. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडची माणसं इकडे कैदेत, इकडची तिकडे आघाडीवर, आणि दोन्हीकडच्या घरांचे डोळे पोस्टमनच्या वाटेकडे.

कार्डाची चित्राची बाजू बहुधा सरकारची असते. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी शिपायांना इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवलं होतं. झुंबरांखाली ओळीनं मांडलेल्या खाटांची ती चित्रकार्डं आजही देखणी वाटतात. त्याच गावातल्या किचनेर रुग्णालयाला काटेरी तार आणि पहारा होता. तो या चित्रांत नाही. म्हणून ती कार्डं टाकाऊ ठरत नाहीत. उलट, सत्तेला काय दाखवायचं होतं याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

माझ्या आजोळी पणजोबांचं त्या युद्धातलं एक छापील कार्ड आहे. लागू नसलेल्या ओळी खोडायच्या, खाली सही आणि तारीख घालायची. जास्त एक अक्षर लिहिलं तर कार्ड नष्ट होई. त्यांनी एक सोडून सगळ्या ओळी खोडल्या आहेत. ‘मी बरा आहे’ अशा अर्थाची ती उरलेली ओळ इंग्रजीत; घरात कुणाला वाचता येईना. पण खालची सही मोडीत होती. पणजीनं सहीतला ‘रा’ ओळखला. हात शाबूत आहे, एवढं तिला कळलं.

अशी कार्डं आपल्याकडे फार उरली नाहीत. माथ्यावर ‘श्री’ नसलेलं, मृत्यूची वार्ता सांगणारं कार्ड वाचून फाडून टाकायची आपली रीत. आणि खुशालीची तारेला ओवलेली कार्डं घर बदलताना रद्दीत गेली.

तेव्हा विनंती एकच. जी उरली आहेत ती अल्बमात डिंकानं चिकटवू नका. त्यानं मागची बाजू कायमची जाते. दोन्ही बाजूंची प्रत काढायची सोय दाराजवळच्या टेबलावर केली आहे. कार्ड आपल्याच घरी राहील. उद्या येताना घेऊन या.