आधी खाडीत, मग दर्यात

आमच्या सारसोळ्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की एक साधी गोष्ट समजते. होडीचं नवं इंजिन पारखायचं ते खाडीतच. जाळी टाकल्यावर, भर दर्यात ते बदलायला कोणताही तांडेल बसणार नाही.

मुंबई विद्यापीठात 2017 साली नेमकं तेच घडलं. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची योजना चांगलीच होती. पेपर स्कॅन करायचा, विद्यार्थ्याचं नाव झाकलेलं, प्राध्यापकांनी पडद्यावर गुण द्यायचे, बेरीज यंत्राने करायची. बेरजेची चूक टळते, फेरफाराला वाव उरत नाही. अभियांत्रिकीच्या परीक्षांना ही पद्धत आधीपासून होती. पण त्या उन्हाळ्यात ती एकदम सगळ्याच शाखांना लागू झाली. उत्तरपत्रिका सतरा लाखांहून अधिक! परीक्षा सुरू झाल्या तरी तयारी चालूच. प्राध्यापकांचं प्रशिक्षण म्हणजे वरातीमागून घोडं.

कायद्याप्रमाणे निकाल जास्तीत जास्त 45 दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही हुकली. काही दिवस कॉलेजातले तास बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावं लागलं. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. पुढच्या शिक्षणाचे, परदेशी प्रवेशाचे अर्ज भरलेली मुलं गुणपत्रिकेवाचून अडकली. 24 ऑक्टोबरला कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. 1857 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

तेव्हा पुष्कळांनी खापर संगणकावर फोडलं. पण पडद्यावरची तपासणी त्यानंतरही चालू राहिली. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, घाईचा होता.

मी कवी माणूस, यंत्रातलं मला फारसं कळत नाही. माणसांचं थोडं कळतं. नवं तंत्र आणणाऱ्या प्रमुखाने आधी तीन प्रश्न विचारावेत. ज्यांच्या हातून हे चालणार, त्यांना शिकवलं का? लहान प्रमाणावर करून पाहिलं का? आणि ते बंद पडलं तर जुनी वाट मोकळी ठेवली आहे का? 'अजून तयारी नाही' असं सांगणाऱ्या कारकुनाचं आणि प्राध्यापकाचं ऐकून घेणं, हेही नेतृत्वच.

यंत्र पुन्हा सुरू करता येतं. निकालाची वाट पाहण्यात गेलेलं मुलाचं वर्ष मात्र परत मिळत नाही.