पोराची बोली शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज पोरांच्या शाळेवर बोलू. विषय वेगळा वाटेल, पण कोरडवाहू शेतकऱ्याला तो लवकर कळेल.

आपण वाफसा पाहून पेरतो. ओल नसेल तर भारीतले बियाणेही वाया जाते आणि दुबार पेरणी माथी बसते. सहा वर्षांचे पोर शाळेत येते तेव्हा घरची बोली हीच त्याची ओल असते. ती न पाहता पुस्तकातली भाषा पेरली की पोर गप्प बसते. मग ठपका येतो, ‘याला डोकेच नाही.’

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे पाहा. डोंगरउताराची शेती, भात, नागली, वरई ही पिके. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी वस्ती आणि घरोघरी आपापली बोली. तिथल्या पोराला रानातले झाड, पाखरू, खेकडा नावानिशी ठाऊक असतो. ते ‘नागली’ म्हणते, पुस्तक ‘नाचणी’ म्हणते. त्याच्या शब्दाला वर्ग हसला की पुढे उत्तर येत असूनही ते तोंड उघडत नाही. आधी शब्द जातो, मग हिंमत जाते, शेवटी हजेरी जाते.

त्यात पोटाचा प्रश्न. याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू 1992 साली महाराष्ट्राने ऐकले. आजही दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामावर जातात. पोर परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. उपाशी, धास्तावलेले, मधेच तुटलेले पोर नवे शब्द कुठून उचलणार?

यावर वाट नाही असे नाही. त्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1957 पासून काम केले. पोरे गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. लहानग्यांसाठी पाड्यातल्या अंगणातच बालवाडी भरवली. आधी अंघोळ, खाऊ, गाणे, खेळ, मग अक्षर. साधने कोणती? बिया, पाने, दगड, शिंपले. पोराला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात.

हे आपल्यालाही लागू आहे. यवतमाळात कोलाम पोरे आहेत, मेळघाटात कोरकू, तांड्यावर गोरमाटी बोलणारी. आपली वऱ्हाडी पोरेही ‘पऱ्हाटी’ म्हणताना बिचकतात. तिफण, डवरणी, सरकी, कडबा हे शब्द काय अडाण्याचे आहेत? ती शेतीची विद्या आहे.

कोणी विचारील, मग प्रमाण मराठी शिकवायची नाही? शिकवायचीच, इंग्रजीही शिकवायची. सातबारा, कर्जाचा कागद, बाजार समितीची हिशेबपट्टी पोराला वाचता आलीच पाहिजे. पण पहिली पायरी गाळून माडी चढता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 हेच सांगते: शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण आणि मुलाची भीतीपासून मुक्तता.

त्याच कायद्याने सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांच्या. या जागा सहीपुरत्या ठेवू नका. गावी गेल्यावर तीन गोष्टी करू.

एक, महिन्यातून एकदा गावातली जाणती आजी, गुराखी किंवा तिफणीवरचा माणूस वर्गात बसवू. तो बोलेल, पोरे त्याचे शब्द बोलीत आणि पुस्तकी मराठीत शेजारी शेजारी लिहितील.

दोन, बोलीला हसणे आणि पोराला ‘ढ’ म्हणणे बंद, हे समितीच्या ठरावात लिहून घेऊ. शिजलेला आहार रोज मिळतो का, तेही पाहू.

तीन, कापूस वेचणीला पोर शेतात न्यायचे नाही. शब्द घरचा असो की पुस्तकाचा, तो रोजच्या हजेरीनेच मुरतो. हा नियम दुसऱ्या कोणाला नाही, आपल्यालाच आहे.

आपल्या मालाला दाम मागताना आपण आवाज चढवतो. उद्या हिशेब मागायला आपली पोरे उभी राहणार आहेत. त्यांचा आवाज पहिलीच्या वर्गातच बसू देऊ नका.