धडा करणारे काका
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आज दानशूरांचा गौरव होत आहे, ही आपणा सर्वांना आनंदाची गोष्ट आहे. या प्रसंगी मी अशा एका श्रावकाचे स्मरण करू इच्छितो, ज्यांचे नाव देणगीदारांच्या फलकावर नाही. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या पेठेत त्यांचे किराणा-भुसाराचे छोटे दुकान होते. लहानथोर सारे त्यांना 'काका' म्हणत.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी वजनमापे आणि मालातील भेसळ हे त्यांतील दोन. ते थेट दुकानदाराच्या गादीशी येऊन थांबतात. काकांनी हे व्रत तागडीवर पाळले. तेलासाठी आणलेल्या भांड्याचा धडा ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करीत. पुडीच्या कागदाचे वजनही ते मालात धरीत नसत.

1958 च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने येऊ लागली. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे 933 ग्रॅमचा. भाव किलोचा घेऊन माल शेराने देणे त्या काळी अवघड नव्हते. माझे वडील सांगत की, काकांनी दोन्ही भाव पाटीवर शेजारी-शेजारी लिहिले आणि न वाचता येणाऱ्यांना ते स्वतः समजावून दिले.

1972 च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. गावोगावची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. सुकडी मिळे, पण मजुरी हाती येईपर्यंत मीठ-मिरची, गूळ, चहा कोठून आणावा? काकांनी उधारी बंद केली नाही, व्याजही लावले नाही.

काकांच्या निधनानंतर, मी बी.कॉम. झालेला म्हणून, त्यांच्या चिरंजीवांनी जुन्या वह्या माझ्याकडे तपासण्यास दिल्या. खातेवहीत अनेक गरीब कुटुंबांची बाकी जमा होऊन खाती पुरी झालेली होती. परंतु रोकडवहीत तेवढी रक्कम आलेली दिसेना. अखेर ताळा लागला तो घरखाती. तीच रक्कम, त्याच तिथीस, काकांनी स्वतःच्या घरखर्चास नावे टाकली होती. आणि वर्षानुवर्षे ती तिथी एकच होती, क्षमावाणीची.

बंधू-भगिनींनो, त्यांनी त्या नोंदींपुढे 'बुडीत' असे लिहिले असते तरी हिशेब जुळला असता. पण मग ती माणसे वहीत कायमची बुडवी ठरली असती. काकांनी ऋण तर सोडलेच, ऋणकोची अब्रूही राखली. घरातील माणसांनासुद्धा हे ठाऊक नव्हते. ज्यांची खाती फिटली, त्यांच्यापैकी कित्येकांची मुले आज सन्मानाने पेठेत वावरत आहेत. म्हणूनच मी येथे कोणाचेही नाव घेत नाही.

फलक हवेतच, त्यांतून दानाची प्रेरणा मिळते आणि संस्था उभ्या राहतात. परंतु चोख वजनाला पावती नसते आणि गुप्त क्षमेला फलक नसतो. आज दुकानांत इलेक्ट्रॉनिक काटे आणि संगणक आले आहेत. यंत्र वजन अचूक सांगेल. कोणाची बाकी कोणत्या खाती टाकावी, हे मात्र आपणच ठरवायचे आहे.

व्यापारी बांधवांना माझी एकच नम्र विनंती आहे. येत्या क्षमावाणीला परस्परांना 'क्षमा करा' म्हणण्यापूर्वी आपापली उधारीची वही एकदा उघडावी. ज्याला देणे खरोखरच अशक्य आहे, असे एक तरी खाते शांतपणे पुरे करावे आणि त्याची वाच्यता करू नये. काकांना तीच खरी श्रद्धांजली ठरेल.

जय जिनेंद्र.