थंडीतले दोन दिवस डोंगरावर



मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की शहरातली माणसं डोंगराची वाट धरतात. गावाकडच्या माणसाला त्याचं हसू येतं. "डोंगर तर आमच्या दाराशीच उभा आहे, तो बघायला पदरचे पैसे मोडून कशाला जायचं?" असं तो विचारतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण आपण डोंगरावर जातो ते गुरांमागे, सरपणाला, नाहीतर नवस फेडायला. मुलाबाळांना घेऊन, त्यांच्याबरोबर दोन दिवस राहायचं म्हणून आपण सहसा जात नाही. आज बोलायचं आहे ते अशा एका शनिवार-रविवारविषयी.

राहायचं कुठं, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर एका शाळामास्तरानं फार पूर्वी दिलं आहे. रिचर्ड शिरमान हे जर्मनीतले शिक्षक. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असता त्यांना वादळी पावसानं गाठलं. एका खेड्यातली शाळा सुटीमुळे रिकामी होती, तिथं आसरा मिळाला. अंथरायला पेंढा मिळाला, प्यायला दूध मिळालं. मुलं झोपली, पण मास्तर जागे राहिले. सुटीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात, मग तिथं हिंडणाऱ्या मुलांची सोय का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच युवा वसतिगृहांची चळवळ निघाली. १९१२ मध्ये आल्टेना इथल्या जुन्या किल्ल्यात असं वसतिगृह सुरू झालं आणि पुढं ही कल्पना जगभर पसरली. यातलं आपण घ्यायचं ते एवढंच, की मुलांना वर छप्पर, खाली कोरडं अंथरूण आणि गरम घास मिळाला की पुरे. विश्रामगृह असो, धर्मशाळा असो, की गावानं परवानगी दिलेली शाळेची खोली असो.

आता जायचं कुठं? उदाहरणादाखल भंडारदरा घेऊ. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात हे ठिकाण आहे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा इथं अडवली आहे. १९१० ते १९२६ या काळात बांधलेलं हे विल्सन धरण. याच नदीच्या पाण्यावर खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतली शेती फुलली. लोणीला १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेही प्रवरेच्याच खोऱ्यात. कालव्याकाठच्या मुलाला पाण्याची पाळी ठाऊक असते, पाटाचं दार ठाऊक असतं. पण ते पाणी निघतं कुठून, हे त्यानं पाहिलेलं असतंच असं नाही. बापानं भिंतीवर उभं राहून, "हे आपल्या उसाचं पाणी," एवढं म्हटलं तरी भूगोलाचा एक धडा झाला.

शिक्षकमित्रांनी आणखी एक गंमत दाखवावी. उंचावर गेलं की हवा थंड होते. साधारणपणे दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी उष्णता कमी होते. मग पहाटे टेकाडापेक्षा खालच्या खोलगट जागी अधिक गारठा का लागतो? कारण निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या आसपास कधी कधी दव गोठतं, तेही अशाच रात्री. मुलांना पहाटे दोन्ही जागी उभं करा. पुस्तकातल्यापेक्षा पायाच्या बोटांना ते लवकर कळतं.

रात्री जेवणं झाली की दिवा मालवून अंगणात या. आकाशात मृग दिसेल. त्याच्या पोटातल्या तीन चांदण्यांची रेघ एका बाजूला वाढवली की झगझगीत व्याध सापडतो, दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पलीकडं कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका कुणाला किती दिसतात ते मोजायला सांगा. आजीला सहा आणि नातवाला सात दिसल्या तरी भांडण नको!

इथं एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. थंडी वाजते म्हणून दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कुणीही झोपू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि सकाळी घरच्या घरं उठत नाहीत. शेगडी बाहेर अंगणात ठेवावी. आत घोंगडी, कानटोपी आणि एकमेकांची ऊब पुरेशी आहे.

रविवारी कळसूबाई चढावी. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट आहे, कठीण जागी लोखंडी शिड्या आहेत. उजाडताच निघावं, पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. सर्वांत लहान मुलाच्या चालीनं सगळ्यांनी चालावं. मूल थकलं तर निम्म्यातून परतावं, त्यात कमीपणा नाही. शिखर पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे.

या डोंगराची एक कथा सांगतात. काळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, ती केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर. एके दिवशी तिला तेच काम सांगितलं, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली. कथेतून ज्यानं त्यानं हवा तो अर्थ घ्यावा. आम्ही एवढाच घेतो, की या दोन दिवसांत भांडी घासायचं काम बापानं आणि मुलग्यांनी करावं. घरी बाराही महिने चुलीपाशी असणारी आई इथंही चुलीपाशीच बसली, तर तिच्यासाठी डोंगर आणि घर यांत फरक तो काय? तिला चांदण्या केव्हा दिसायच्या?

आणि शेवटची गोष्ट. धरणाचं पाणी खाली जातं, पण सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडूनही कित्येक वाड्यांतल्या बायांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. काळ्या कातळावरून पाणी वाहून जातं, मुरत नाही. आपण अशा गावचे पाहुणे आहोत हे मुलांना सांगावं. तांदूळ, भाजी, जेवण तिथल्याच माणसांकडून रास्त दामानं घ्यावं, पाणी जपून वापरावं आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा.

दोन दिवसांत मूल फार काही शिकेल असं नाही. पण शेतीच्या आणि नोकरीच्या धबडग्यात आपलं मूल काय विचारतं, कशाला भितं, कशानं हसतं, हे ऐकायला आपल्याला सवड होत नाही. चढाच्या वाटेवर मूल हात धरतं आणि बोलू लागतं. ते ऐकण्यासाठी तरी या हिवाळ्यात एकदा निघावं.